नऊशे, चौदाशे, एकोणतीसशे

४ मार्च

ती. आत्या,

मंगळवारी संध्याकाळी पावणेसहाला तिने माझ्या गिटारची वायर उपटली, आणि तिथून पुढे माझं काहीच पहिल्यासारखं राहिलं नाही.

तू म्हणशील, ही 'ती' कोण, आणि आधी नमस्कार-चमत्कार काही आहे की नाही. नमस्कार. गेल्या आठवड्यात मी फोनवर आवाज चढवला म्हणून तू फोन आपटलास आणि बाबांबरोबर निरोप धाडलास की यापुढे जे काय सांगायचंय ते कागदावर लिही, कागदावर ओरडता येत नाही. तर हे घे. लिहिताना पेन दोनदा कागदातून आरपार गेलंय, तेवढं ओरडणं समजून घे.

कॉलेज मधेच सोडलं तेव्हा घरात सगळ्यांनी 'का सोडलंस' असं विचारलं. तू एकटीने विचारलंस, 'सोडून धरलंस काय?' मी हा बँड धरला. चौघं आहोत. ड्रमवर ढोल्या, कीबोर्डवर गुळगुळीत भांग पाडणारा एक प्राणी, गिटारवर मी, आणि गायला ती. दहा एप्रिलला मोठ्या सभागृहात आम्हाला तीन गाणी मिळाली आहेत. तिथे नीट वाजलो तर पुढचं वर्ष उभं राहतं. ती नसेल तर आमची जागा दुसऱ्यांना देणार, हे सभागृहवाल्यांनी स्वच्छ सांगितलंय.

माझ्या पायाशी एक चपटा डबा असतो, प्रोसेसर. पूर्वी लोक ज्यासाठी खोलीभर यंत्रं मांडायचे ते सगळं यात आकड्यांत असतं, बटणं फिरवून आपला आवाज आपण घडवायचा. दोन महिने मी सोलोसाठी एक टोन घडवत होतो. सूर सुटताना त्याचं टोक बोचू नये, एका सुरातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसू नये, तेलाची धार पडावी तसं वाहत जावं. आणि आत्या, तो जमला. मी बढाई मारत नाही. म्हणजे मारतो, पण या बाबतीत नाही.

मंगळवारी दुसरं गाणं चालू होतं. मी तोच टोन लावून तिच्या ओळींमागून वाजवत होतो. ती गाता गाता थांबली, वळली, सरळ माझ्यापाशी आली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि गिटारमधून वायर ओढून काढली. वायरीची नीट गुंडाळी केली, स्पीकरवर ठेवली आणि निघून गेली. एक शब्द नाही. शिवी तरी द्यायची. तिच्यामागे कीबोर्डवाला पिशवी उचलून धावला आणि खाली त्याची स्कूटर सुरू झाल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

तेव्हापासून फोन उचलत नाही. काल एकच शब्द लिहून पाठवला, 'नंतर'.

ती येईल. असा टोन ऐकल्यावर कोण लांब राहील? मला फक्त एवढं सांग, तुम्हा बायकांना राग येतो तेव्हा तो नक्की कशाचा असतो?

तुझा भोंगा

*

८ मार्च

चि. भोंग्या,

तुझ्या रडण्याने शेजारची तिन्ही घरं जागी व्हायची म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. स्वतःच्या हाताने केलेलं निस्तरतेय.

'तुम्हा बायकांना' असा प्रश्न विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही. तुझ्या आजोबांनाही दिलं नव्हतं. त्या एका बाईला काय झालं ते बघू.

तो डबा मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी वीस वर्षं लोकांच्या कानांत श्रवणयंत्रं बसवतेय, ती म्हणजे तुझाच डबा, फक्त शेंगदाण्याएवढा. तुझ्यात कॉम्प्रेसर आहे ना? माझ्यातही आहे. बारीक आवाज वर उचलायचा, मोठा आवाज दाबून धरायचा, दोघांना एका पातळीवर आणायचं. तू त्याने सूर लांबवतोस, मी त्याने नातवंडांची कुजबुज आजोबांपर्यंत पोचवते. तेव्हा माझ्यापुढे नाकाने कांदे सोलू नकोस.

माझा पहिला अंदाज असा की तू कानठळ्या बसतील इतकं मोठ्याने वाजवतोस आणि त्या मुलीचा कान दुखला. पण अंदाजावर मी कुणाच्या कानात काही घालत नाही. माझ्याकडे येणारा माणूस जे सांगतो ते मी ऐकून घेते, मग त्याचा आलेख काढते, आणि दोन्ही क्वचितच जुळतात. म्हणून डब्यातले सगळे आकडे कागदावर उतरवून पाठव. तुझ्या मते काय महत्त्वाचं हे ठरवू नकोस, सगळे पाठव.

ती स्कूटरवर कुणाच्या मागे बसली हा आकडा नको आहे.

आत्या

*

११ मार्च

ती. आत्या,

मोठ्याने वाजवत नाही. ढोल्याने फोनवर मोजलंय, माझ्यापेक्षा त्याच्या झांजांचा आवाज जास्त आहे. तो पहिला अंदाज पुसून टाक.

आकडे देतो. गळ्याकडचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक, गिटारवरचं टोनचं बटण निम्म्यावर, म्हणजे कडेची कर्कश धार आधीच बोथट. मग कॉम्प्रेसर, तीनास एक, पकड सावकाश, सुटका त्याहून सावकाश. मग गेन, म्हणजे आवाज किती ताणून फाटवायचा ते. इथे सगळे फसतात, वाहता आवाज हवा म्हणून गेन शंभरावर नेतात आणि मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखं वाजवतात. मी चाळीसवर ठेवलाय. लांबी गेनने येत नाही, कॉम्प्रेसरने येते. मग डिले, म्हणजे मागून येणारा प्रतिध्वनी, चारशे मिलिसेकंदांचा, पण इतका हलका की वेगळा ऐकू येऊ नये, फक्त सुरांमधल्या फटी बुजाव्यात. शेवटी थोडी रिव्हर्ब, म्हणजे खोलीत घुमल्याचा भास, मध्यम खोलीची.

आणि या सगळ्याचा जीव म्हणजे इक्वलायझर, कुठला पट्टा उचलायचा आणि कुठला दाबायचा ते ठरवणारा. नऊशे हर्ट्झला उंचवटा, चौदाशेला उंचवटा, एकोणतीसशेला उंचवटा, बाकी सगळं खाली. हे तीन आकडे कुठून आले ते विचारू नकोस. कारागिराने एखादी गोष्ट स्वतःपाशी ठेवावी. मी ज्या दुकानात वायरी डागायचं काम करतो तिथला मालक कुणाचं कधी चांगलं म्हणत नाही. तो ऐकून म्हणाला, 'ही गिटार वाजत नाही रे, गाते.'

आता सांग, यात राग येण्यासारखं काय आहे? त्या मंगळवारआधीचे तीन आठवडे तर ती अशी जीव तोडून गात होती की मानेच्या शिरा दिसायच्या. मला वाटलं, माझ्या टोनने तिला चेव आलाय. आम्ही दोघं एकमेकांना वर नेतोय असं वाटायचं.

नाही. हे सगळं त्या भांगवाल्याचं काम आहे. काल तिला परत त्याच्या स्कूटरवर पाहिलं. तो बडबडत होता आणि ती मान डोलावत होती. माझ्यासमोर मात्र तोंडाला कुलूप. उद्या त्याला गाठतो आणि स्वच्छ विचारतो. तू मधे पडू नकोस.

भोंगा

*

१४ मार्च

चि. भोंग्या,

हे पत्र पोचेपर्यंत त्या मुलाला गाठला नसशील तर गाठू नकोस. गाठला असशील तर त्याची माफी माग.

तुझं पत्र मी दवाखान्यात दोन पेशंटच्या मधे वाचलं आणि तिसऱ्या पेशंटला दहा मिनिटं बसवून ठेवलं. नऊशे, चौदाशे, एकोणतीसशे. अरे, हे आकडे मी झोपेतही ओळखेन. बाईमाणसाने 'आ' लावला की तिच्या तोंडात आवाजाचे हेच तीन डोंगर उभे राहतात. थोडे इकडे, थोडे तिकडे. त्यावरून आपल्याला कळतं की तो 'आ' आहे आणि 'ई' नाही. गिटारला हे डोंगर नसतात. तू ते मुद्दाम बांधलेस. आणि पुस्तकातून घेतले असतेस तर आकडे तिथल्यासारखे आले असते. हे एका विशिष्ट बाईचे आहेत.

कुणाचे, ते मी विचारत नाही. मी बहिरी असते तरी कळलं असतं.

आता माझ्या धंद्यातलं एक सांगते. एक आजोबा आले होते, म्हणाले, 'बाकी जगाचं राहू द्या, मला फक्त बायको ऐकू आली पाहिजे.' मी नवी होते, मला फार गोड वाटलं. आजींना बोलावून घेतलं, त्यांचा आवाज मोजला आणि यंत्रात तेवढाच पट्टा उचलून दिला. आठ दिवसांत परत आले. घरातली प्रत्येक ताटली, प्रत्येक झाकण, दाराची कडी, सगळं बायकोच्या आवाजात वाजायला लागलं होतं आणि खुद्द बायको त्या गर्दीत हरवली होती. आजोबा ताटल्यांना 'आलो आलो' म्हणून ओ द्यायचे.

एकाच पट्ट्यात दोन आवाज आले की जोरकस आवाज दुसऱ्याला झाकतो. नुसता आवाज लहान-मोठा असल्याने नाही, जागा एक असल्याने. ढोल्याच्या झांजा मोठ्या असतील, पण त्या वर कुठेतरी राहतात. तू बरोबर तिच्या गळ्यात जाऊन बसलास. ती माइकमध्ये गायची आणि तिला स्वतःचाच आवाज येत नसायचा. माणसाला स्वतःचा आवाज आला नाही की तो काय करतो? ओरडतो. तीन आठवडे.

म्हणून स्वतःला एकच विचार. ती तुझ्याशी बोलत नाही, की कुणाशीच बोलत नाही? स्कूटरवर तो बडबडत होता आणि ती मान डोलावत होती, हे तूच लिहिलंयस.

आत्या

*

१७ मार्च

आत्या,

तुझं पत्र फाडलं.

दोन महिने मी हाडांची काडं केली. तिचा आवाज जगातला सगळ्यात सुंदर आवाज आहे असं मला वाटतं, आणि तू म्हणतेस मीच त्याचा गळा आवळला. चांगलं करायला जावं आणि आपल्याच माणसाने असं बोलावं. ताटल्या आणि म्हातारे यांच्याशी माझी तुलना करू नकोस. आमच्यात जे होतं ते तुझ्या आलेखात मावणारं नाही.

तुझं बोलणं खरं असतं तर ढोल्याला कळलं नसतं का? मला कळलं नसतं का? मी समोरच उभा होतो.

आता पत्र नको.

*

१९ मार्च

चि. भोंग्या,

पत्र नको म्हणालास, म्हणून हा कागद पत्र समजू नकोस. सोबत पंचवीस शब्दांची यादी आहे, आमच्याकडे रोज वापरतात ती. साधे शब्द, दोन अक्षरी. एका बाईला माइकवर उभं कर, यादी हळूहळू वाचायला सांग. मागे तुझा लाडका टोन वाजव. ढोल्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तिच्याकडे पाठ करून बसव आणि ऐकू येईल ते लिहू दे. पाठ करायची हे महत्त्वाचं, कारण आपण निम्मं ओठांवरून ऐकतो. तू समोर उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होतास. तुला सगळं ऐकू आलं यात नवल ते काय.

मग तोच शब्दांचा पाढा गिटार बंद ठेवून.

मी खोटी ठरले तर मला फोन कर आणि हवं तेवढं ओरड. फोन ठेवणार नाही.

आत्या

*

२४ मार्च

ती. आत्या,

फोन केला नाही, यावरून काय ते समज.

यादी वाचायला तालमीच्या जागेच्या ऑफिसातल्या बाईंना पकडलं, ज्या खोल्यांच्या वेळा वहीत लिहितात. त्यांनी आधी विचारलं, 'हे कायदेशीर आहे ना?' मग अशा थाटात वाचलं की जणू प्रत्येक शब्दाचा निकाल लागतोय. ढोल्या भिंतीकडे तोंड करून शिक्षा झालेल्या पोरासारखा बसला. गिटार बंद असताना त्याने पंचवीसपैकी चोवीस बरोबर लिहिले. टोन लावल्यावर अकरा. मी म्हटलं, तू झोपला होतास. परत केलं. नऊ. तिसऱ्या वेळी त्या बाई म्हणाल्या, 'मला आता घशाला कोरड पडली, मी का ओरडतेय?' त्यांना कुणी ओरडायला सांगितलं नव्हतं. आत्या, मी गिटार बंद केली.

मग ढोल्याने पेन्सिल ठेवली आणि म्हणाला, 'तुला सांगायचं नाही असं तिने लिहून बजावलंय, पण आता सांगतो.' त्या मंगळवारी सकाळपासूनच तिचा आवाज बसत चालला होता, आणि गाता गाता पुरताच गेला. स्वरयंत्राला सूज. वायर काढली तेव्हा तिला बोलायचं नव्हतं असं नाही, बोलताच येत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी घशाच्या डॉक्टरांनी चार आठवडे मौन सांगितलं, कुजबुजही नाही. कीबोर्डवाला तिला तिथे ने-आण करतो, कारण त्याचं घर तिच्या वाटेवर आहे आणि त्याचं लग्न ठरलंय, दुसऱ्याच मुलीशी. मी त्याला गाठला होता, हो. कॉलरपर्यंत प्रकरण गेलं होतं. आज त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, 'चालतं रे, फक्त इस्त्रीचे शर्ट सोडून धरत जा.' माणूस चांगला आहे. भांगही शोभतो त्याला.

मी ढोल्याला विचारलं, मला का नाही सांगितलं तिने? तो म्हणाला, 'तिला वाटलं तू दारात येऊन बसशील आणि तिला बोलावं लागेल.' मी खरंच बसलो असतो.

आता जे लपवलं ते सांगतो. जानेवारीत तालीम संपल्यावर ती वायरी गुंडाळत एकटीच गुणगुणत होती. मी फोन पालथा ठेवून ते टिपून घेतलं. चाळीस सेकंद. तिला माहीत नाही. घरी लॅपटॉपवर त्या आवाजाचे डोंगर मोजले आणि गिटारला तसेच घातले. मला वाटायचं, ती गात नसेल तेव्हाही तिचा आवाज माझ्या हातात असेल. तू ओळखलंस म्हणून मला एवढा राग आला होता. तुझं फाडलेलं पत्र चिकटवलंय, एक तुकडा सापडत नाही, बहुतेक 'माफी माग' असलेला.

पण रडत बसलेलो नाही, तेवढं नक्की. तीन दिवस झाले, मी टोन मुळापासून नव्याने बांधतोय. तिन्ही डोंगर सपाट केले. उलट एकोणतीसशेला खड्डा केला, तिथे ती राहील. गिटारचं वजन खाली पाचशे-सहाशेला नेलं, उबदार लाकडासारखं. गुळगुळीतपणा कमी होईल अशी भीती होती. झालं उलटंच, कारण तो मुळी त्या डोंगरांत नव्हता. कॉम्प्रेसरच्या सावकाश सुटकेत होता, आणि डाव्या हाताचं बोट सुरावरून उचलायच्या आधी पुढचं टेकवण्यात होता. ते मी विसरून गेलो होतो.

आणि एक युक्ती केली आहे. डब्याला तिच्या माइकची एक तार जोडली. माइकमध्ये आवाज आला की गिटार आपोआप दबते, डिलेचं शेपूटही आवरतं, आणि माइक शांत झाला की हळूहळू परत वर येते. पायाने काही करायला नको. तिने तोंड उघडलं की माझं बंद. घरच्यांनी हे यंत्र मला लहानपणीच बसवायला हवं होतं.

यादी परत वाचून घेतली. तेवीस. बाईंना चहा पाजला.

आता हे सांग. टोन तर सुधारला. मग चोरून टिपलेल्या त्या चाळीस सेकंदांचं तिला सांगायलाच हवं का? आता त्याचा उपयोग उरलेला नाही.

भोंगा

*

२७ मार्च

चि. भोंग्या,

तेवीस वाचून मी दवाखान्यात टाळी वाजवली. यंत्राची चाचणी चालू असलेले एक काका दचकले आणि म्हणाले, 'आलं ऐकू.'

माइकच्या तारेची युक्ती मला सुचली नसती. खरं सांगते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला माहीत आहे, तू फक्त माझ्याकडून सुट्टी मागतोयस. देत नाही. माझ्या खोलीत रोज माणसं येतात, मी त्यांच्या कानात नळी घालायच्या आधी विचारते, 'घालू का?' ते बरे व्हायलाच आलेले असतात, मी बरं करायलाच बसलेली असते, तरी विचारते. तुझ्या हातून विचारायचं राहिलं. सांग तिला. आणि सांगताना 'प्रेमापोटी केलं' हे वाक्य वापरू नकोस. ते कारण आहे, पण तू ते ढालीसारखं धरशील.

ती रागावली तर रागावेल. तिचं मौन आहे, तेव्हा निदान तुला तिचं पूर्ण होईपर्यंत ऐकून घेता येईल, लिहायला वेळ लागतो. तू मधे बोलू नकोस.

बाबा विचारत होते, भोंगा काय करतो. मी म्हटलं, अभ्यास. खोटं बोलले असं मला वाटत नाही.

आत्या

*

२ एप्रिल

ती. आत्या,

काल झालं. सगळं क्रमाने सांगतो, नाहीतर तू मला आकडे मागशील.

तिचे चार आठवडे परवा संपले. डॉक्टरांनी रोज पाच मिनिटं, अगदी हलकं गुणगुणायची परवानगी दिली. घरात सतत माणसं, म्हणून तिने दुपारी तालमीची खोली घेतली, आणि आदल्या दिवशी मला लिहून कळवलं, 'तू चार वाजता ये. डबा आण.' मी पावणेचारला पोचलो. ती आधीच आलेली. गळ्याला रुमाल, हातात छोटी वही आणि पेन्सिल. पाच मिनिटं अजून वापरलेली नव्हती.

गिटार जोडायच्या आधी मी सांगितलं. उभ्यानेच. जानेवारी, पालथा फोन, चाळीस सेकंद, तीन आकडे. तू नको म्हटलेलं वाक्य दोनदा ओठांवर आलं, दोनदा गिळलं. ती ऐकत होती, चेहऱ्यावर काही नाही. मग हात पुढे केला. मी फोन दिला.

तिने ते दोनदा ऐकलं. वहीत लिहिलं, 'तिसऱ्या ओळीत सूर उतरलाय.'

मी म्हटलं, नाही गं. तिने पेन्सिल त्या वाक्यावर आपटली. उतरला होता, आत्या. आणि मी तो उतरलेला सूरसुद्धा जपून ठेवला होता.

मग तिने लिहिलं, 'विचारलं का नाहीस?'

एरवी माझ्याकडे कुठल्याही प्रश्नाला तीन उत्तरं तयार असतात. मी म्हटलं, 'तू नाही म्हणशील म्हणून.' ती बराच वेळ लिहीत राहिली. पानभर. मी मधे बोललो नाही, उभा राहिलो, छताच्या फोममधली भोकं मोजली. लिहून झाल्यावर तिने ते पान फाडलं, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलं. त्यात काय होतं मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. मग माझ्या फोनमधून ते चाळीस सेकंद तिने स्वतःला पाठवले, माझ्याकडचे पुसले, कचरापेटीतूनही पुसले, आणि फोन परत दिला. नव्या पानावर लिहिलं, 'आता वाजव.'

दुसऱ्या गाण्याचा सोलो वाजवला. सूर खालून निघाला, उबदार, कुठे बोचला नाही, वर चढताना सांधा दिसला नाही. तो माझाच होता, कुणाकडून घेतलेला नाही, हे मला वाजवताना कळत होतं. संपल्यावर तिने लिहिलं, 'गिटारसारखा वाजतो.' आणि खाली रेघ ओढली. दुकानाच्या मालकापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र आहे हे.

मी म्हटलं, 'माइकपाशी जा. गाऊ नकोस, नुसती फुंकर मार.' मी एक सूर लांबवला. तिने फुंकर मारली, गिटार खाली बसली. थांबली, गिटार वर आली. तिने भुवया उंचावल्या. परत फुंकर, परत खाली. मग तिला चाळाच लागला. मी एक सूर धरून उभा आणि ती नुसत्या श्वासाने मला उठबस करायला लावतेय. ती हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत, आणि त्या हसण्याचा श्वास माइकमध्ये जायचा, त्यानेही गिटार दबायची, मग आणखी हसायची. दोन महिन्यांत मी तिला एवढं हसवलं नव्हतं.

दहा तारखेचं विचारलं नाही. तिनेच लिहिलं, 'एक गाणं नक्की. दोन, बघू. तिसरं तू वाजव.' मी सभागृहवाल्यांना आज सकाळी कळवून टाकलं, आम्ही येतोय. त्यांनी विचारलं, गायिका? म्हटलं, आहे. आवाज न चढवता म्हटलं.

पण कालचं राहिलं. पावणेपाच झाले होते. तिने गळ्याचा रुमाल सोडला, पाण्याचा घोट घेतला आणि वहीत लिहिलं, 'आता माझी पाच मिनिटं. तू बाहेर जा.'

आत्या, या जगात मला एकच गोष्ट ऐकायची होती. चार आठवडे मी तेवढ्यासाठी काढले. तो पहिला आवाज कसा येईल, खरखरीत, फाटका, अर्धवट, कसाही, मला तो हवा होता. तिला तो कुणी ऐकायला नको होता. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, फक्त वाट बघत होती मी काय करतो याची.

मी डबा बंद केला. गिटारची वायर काढली, गुंडाळली. फोन तिला दिसेल असा वर धरून बंद केला आणि खिशात टाकला. त्या खोलीचं दार जाड आहे, कडेने रबर लावलेलं. नुसतं ढकललं की चार बोटांवर येऊन अडकतं, आणि ढोल्या ते नेहमी तसंच सोडतो. बाहेर येऊन मी ढकललं, ते अडकलं, आणि त्या फटीतून तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला.

मी गिटार भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी दार ओढलं, आणि बंद केलं.